गनोंडागनचा पांढरा मका: तीन पाकिटांपैकी खानदेशी स्वयंपाकघरात कोणतं चालतं?

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात व्हिक्टर गावाजवळ गनोंडागन हे सेनेका या तिथल्या मूळनिवासी लोकांचं सतराव्या शतकातलं मोठं गाव होतं. आज ते राज्य-संरक्षित स्थळ आहे. तिथून 'इरोक्वॉय व्हाइट कॉर्न प्रोजेक्ट' या नावाखाली पांढरा मका तीन प्रकारांत विकला जातो: सोललेले अख्खे दाणे, साधं पीठ आणि भाजलेल्या मक्याचं पीठ. घरातलं कोणी अमेरिकेत असेल तर बॅगेतून मागवता येतो. निकाल आधीच सांगून टाकतो. अख्खे दाणे मागवाच. भाजलेलं पीठ जमलं तर मागवा. साधं पीठ फक्त थापलेल्या भाकरीसाठी हवं असेल तर पैसे घालवू नका.

हा मका आपल्या मोंढ्यावर येणाऱ्या पिवळ्या हायब्रीडपेक्षा फार वेगळा आहे. आपला मका बहुतेक कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. त्याचा दाणा टणक आणि काचेसारखा असतो, शिजवला तरी मधला भाग कडक राहतो. सेनेकांचा हा वाण पीठमका आहे. दाणा मोठा, पांढरा, आतून मऊ आणि खडूसारखा भुसभुशीत. कणसं लांब, त्यावर बहुधा आठच रांगा. काढणी हातानं होते. सोलताना कणसाची पानं तशीच ठेवून त्यांच्या वेण्या घालतात आणि त्या टांगून वाळवतात. हायब्रीडच्या मानानं उतारा कमी आणि मेहनत जास्त, किंमत त्यामुळेच चढी आहे.

होडेनोशोनी, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक इरोक्वॉय म्हणत आले, त्यांच्या संघात मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका अशी पाच राष्ट्रं होती. सहावं टस्करोरा 1722 च्या सुमारास सामील झालं. मका, घेवडा आणि भोपळा या तीन बहिणी त्यांच्या जेवणाचा पाया. शेत बायकांचं, बियाणं बायकांचं, कोठारातलं धान्यही बायकांच्याच ताब्यात. कुळाचा प्रमुख निवडायचा आणि चुकला तर पदावरून काढायचा अधिकारही कुळमातेकडेच होता. हा मका शत्रूलाही ठाऊक होता. 1687 च्या जुलैमध्ये फ्रेंच गव्हर्नर देनोंव्हिल सैन्य घेऊन गनोंडागनवर आला, तेव्हा गावातली माणसं आधीच निघून गेली होती. त्याच्या सैन्यानं कित्येक दिवस उभा आणि साठवलेला मका नष्ट केला. 1779 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमानं जनरल सुलिव्हन आला. त्यानं स्वतःच्या अहवालात 40 गावं जाळल्याचं आणि 1,60,000 बुशेल मका नासवल्याचं लिहिलं आहे. आपल्या मापानं तो 40,000 क्विंटलच्या आसपास भरतो. इतकं होऊनही वाण टिकला. 1990 च्या दशकात सेनेका अभ्यासक जॉन मोहॉक आणि त्यांच्या पत्नी इव्हॉन डायन-बफेलो यांनी तो पुन्हा विक्रीला आणायचं काम सुरू केलं, पुढे ते गनोंडागनला आलं. हे ठाऊक असलेल्या माणसाला पाकिटाची किंमत तितकी खुपत नाही.

आता अख्खे दाणे. हे सोललेले आहेत, म्हणजे अल्कली पाण्यात उकळून वरचं साल काढून टाकलेलं आहे. परंपरेनं हे काम लाकडाच्या राखेनं होतं, आता बऱ्याच ठिकाणी खाण्याचा चुना वापरतात. या पायरीला कारण आहे. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, बांधलेल्या रूपात असतं, ते अल्कलीनं मोकळं होतं. युरोपनं मका उचलला, ही पायरी मात्र उचलली नाही, आणि स्पेन-इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला. गास्पार कासाल या वैद्यानं 1735 मध्ये त्याची नोंद केली. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या पट्ट्यातही हा रोग दिसला होता आणि हैदराबादच्या संशोधकांनी 1960 च्या सुमारास त्यावर काम केलं, म्हणून आपल्यालाही हा विषय अगदी परका नाही.

शिजवायला एक वाटी दाणे रात्रभर भिजवा. सकाळी पाणी बदलून चार वाट्या पाण्यात कुकरला लावा, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून 30 ते 35 मिनिटं ठेवा. दाणा फुलासारखा उमलला पाहिजे. उमलला नसेल तर आणखी दहा मिनिटं द्या. मीठ सुरुवातीला घालू नका, दाणा आकसतो. एका वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. त्यांच्या पारंपरिक रश्शात हे दाणे, लाल घेवडा आणि मांस असतं. पूर्वी हरणाचं, नंतर खारवलेलं डुकराचं. शाकाहारी घरात राजमा आणि लाल भोपळ्याच्या फोडी घाला. मक्यात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी असतो, घेवडा ती उणीव भरून काढतो, म्हणून राजमा वगळू नका. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा करायचा मोह होईल, पण पहिल्यांदा मीठ, लसूण आणि थोड्या तिखटावरच करा. या दाण्याला स्वतःची भाजल्यासारखी, किंचित चुनखडी चव आहे, ती काळ्या मसाल्यात पार बुडते.

साध्या पिठात एक पदार्थ फार छान होतो, तो म्हणजे त्यांची उकडलेली मक्याची भाकरी. बट्टी करणाऱ्या घराला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण कृती जवळपास तीच आहे. दोन वाट्या पीठ, अर्धी वाटी शिजलेला राजमा, चवीला मीठ आणि राजमा शिजवलेलं उकळतं पाणी साधारण एक वाटी. पाणी उकळतंच हवं. कोमट पाण्यानं मळलं तर पिठाला चिकटपणा येत नाही आणि गोळा पाण्यात फुटून सगळ्याचं पिठलं होतं. तळव्याएवढे, दीड इंच जाड गोळे थापा, कडा ओल्या हातानं गुळगुळीत करा. रुंद पातेल्यात खळखळ उकळत्या पाण्यात एकेक करून उभे सोडा. आधी तळाशी बसतात, मग वर येतात. वर आले म्हणून काढू नका, एकूण 40 ते 45 मिनिटं लागतात. निवल्यावर काप करून तुपात परता आणि वरणाबरोबर वाढा. खालच्या बाजूला जो खरपूस पापुद्रा येतो त्यासाठी लोखंडी तवा घ्या, नॉनस्टिकवर तो येत नाही.

नेहमीच्या बट्टीतही हे पीठ चालतं. चार वाट्या जाडसर गव्हाला एक वाटी हे पीठ, ओवा, जिरं, हळद, मोहन. मात्र पीठ आधीच शिजवून वाळवलेल्या दाण्याचं असल्यानं पाणी जास्त पितं. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा पाण्याचा हात लावा. इथे घाई केली तर वाफवताना बट्टीला भेगा पडतात. थापलेली भाकरी मात्र निराश करते. उकड काढली तरी कडा चिरतात, अर्धी ज्वारी मिसळली तर कशीबशी निभते, आणि मग एवढं महाग पीठ आणायचं कशाला? आपली ज्वारीची आणि कळण्याची भाकरी त्याहून कितीतरी सरस आहे.

भाजलेलं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून तसंच पिता येतं, दुधात शिजवून लापशीही होते. एका पेल्याला दोन चमचे पुरे. ते पोटात फुगतं, चार चमचे घातले तर जड वाटतं. भाजलेला मका कुटून, मेपलची साखर मिसळून शिकारी आणि लढाईला जाणारे लोक वाटेसाठी नेत. ही शिदोरी बायका तयार करत, आणि मोहीम पसंत नसेल तर ती न देता अडवूनही धरत. पाकीट फोडल्यावर भाजलेल्या पिठाचा वास लवकर उतरतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवा.

पण दर महिन्याला हे खायचं असेल तर अमेरिकेकडे बघत बसू नका. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पावरा आणि भिल्ल शेतकऱ्यांकडे पांढऱ्या मक्याचे गावरान वाण अजून आहेत. ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या बाएफ संस्थेनं धडगावला त्यासाठी बियाणे बँकेचं कामही केलं आहे. तो मका आणून राखेची पायरी घरी करता येते. एक किलो मका, चाळलेली राख दोन वाट्या, पाणी चार लिटर. राख बाभळीची किंवा कडुनिंबाची, स्वच्छ चुलीतली. रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक जळालेलं असेल तर ती राख टाकून द्या. फवारण्या झालेल्या पऱ्हाटीचीही नको. भांडं स्टीलचं किंवा लोखंडी घ्या, जर्मनचं पातेलं अल्कलीनं खाल्लं जातं आणि दाणे काळपट पडतात. 30 ते 45 मिनिटं उकळा, दर पाच मिनिटांनी दाणा चिमटीत धरून पाहा. साल सुटून टोकाचा काळा ठिपका निघाला की लगेच उतरवा. साल सुटत नसेल तर राख कमी आहे, अर्धी वाटी वाढवा. जास्त वेळ ठेवलं तर दाणा विरघळतो आणि साबणासारखी चव लागते.

मग धुणं. होडेनोशोनी बायका यासाठी खास विणलेली टोपली वापरतात. तळाची वीण अशी की साल वाहून जातं आणि दाणा आत राहतो. आपल्याकडे बांबूची दुरडी चालते. दाणे हातावर चोळत, पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुवा, निदान पाच-सहा पाण्यांनी. नंतर स्वच्छ पाण्यात शिजवा. राखेऐवजी चुना वापरायचा तर किलोला 10 ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना पुरतो. पानाच्या डबीतला घेतला तर बिनवासाचाच घ्या. गुलाबी-लाल औषध चोळलेला बियाण्याचा मका आणि बुरशी आलेला दाणा यात कधीच घेऊ नका. धुण्यानं ना ते औषध पूर्ण जातं, ना बुरशीचं विष.

पेरण्यासाठी म्हणून तिकडचं जिवंत बियाणं बॅगेतून आणू नका. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला परवाना लागतो. दाण्यांचं पाकीट सीलबंद आणि लेबलसकट आणा, म्हणजे कस्टमवर विचारलं तर तो सोललेला, न उगवणारा खाद्यमाल आहे हे दाखवता येतं.