फियाटचा गिअर आणि भोसरीचे काका

बाबांची 1984 ची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट. स्टिअरिंगखालचा गिअर इतका ढिला झाला होता की दुसरा टाकायला जावं आणि रिव्हर्स पडावा. बाजारातले बुश (सांध्यातल्या पिनेभोवती बसणाऱ्या कड्या) दोनदा बदलले, सहा महिन्यांत पुन्हा तेच.

मग कोणीतरी भोसरीच्या एका वर्कशॉपचं नाव सांगितलं. तिथले काका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले, जन्मभर जुन्या फियाटचा नाद. आता एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक पोरगा, एवढाच कारभार. त्यांनी आधी लिंकेजच्या (गिअरच्या दांड्यांच्या जोडणीच्या) पिना मायक्रोमीटरने मोजल्या. "पिनच झिजलीय, नुसता बुश बदलून काय होणार?" पिना नव्या केल्या, त्यांच्या मापाने पितळी बुश लेथवर काढले, ग्रीस जायला खाचसुद्धा पाडली. जुना माल डबीत घालून परत दिला.

बिल 3,800. महाग वाटलं, खरं सांगतो. शिवाय "चार दिवस" म्हणजे अकरा दिवस, आणि फोन उचलतील तर शपथ. इंजिनाचं काम ते घेत नाहीत.

पण काल खंबाटकी घाट चढलो. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. बाबा मागच्या सीटवर चक्क झोपले होते.