अ‍ॅशची हर्ली: पहिली पसंती अजूनही तिलाच, पण रेषा बघून

हर्लिंग हा आयर्लंडचा काठी-चेंडूचा मैदानी खेळ, आणि हर्ली ही त्यातली लाकडी काठी. तिथल्या जुन्या हर्लिंग क्लबच्या भिंतीवरचे संघांचे फोटो सालवार बघत गेलं, तर चेहऱ्यांइतकीच हातातली काठीही बदलत गेलेली दिसते. सुरुवातीच्या फोटोंतली हर्ली टोकाला वाकलेली आणि अरुंद पात्याची, कारण तेव्हा चेंडू बहुतेक जमिनीवरूनच फटकावला जाई. पुढे चेंडू उचलून हातातून मारणं वाढलं, तसं पातं रुंद झालं आणि काठी आखूड. या पात्याला 'बॉस' म्हणतात. आयरिशमध्ये त्याचा अर्थ तळहात, आणि खेळताना ते वापरतातही तसंच. आज नियमाने बॉसची रुंदी 13 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, सूट फक्त गोलकीपरला. लाकूड मात्र 1884 साली थर्ल्स गावात जीएए ही या खेळाची संघटना स्थापन झाली तेव्हाचंच आहे: अ‍ॅश.

(हर्लीचं आयरिश नाव 'कमॉन', 'कॅम' म्हणजे वाकडं यावरून आलेलं. मराठी कानाला त्यात 'कमान' ऐकू येते. योगायोगच, पण छान आहे.)

अ‍ॅशची चांगली हर्ली अख्ख्या खोडातून निघत नाही. लागतो तो जमिनीलगतचा साधारण 1.3 मीटरचा बुंधा, कारण तिथे खोड मुळांकडे फाकतं आणि लाकडाच्या रेषाही त्याबरोबर वळतात. फळी योग्य कापली असेल तर दांड्यातून सरळ उतरलेल्या रेषा टाचेपाशी, म्हणजे दांडा वळून बॉस सुरू होतो तिथे, वळून बॉसच्या टोकापर्यंत जातात. दुकानात आधी हेच बघा. रेषा वळणावर न वळता कडेने बाहेर पडत असतील, तर हर्ली नेमकी तिथूनच फुटणार, मग वरचं फिनिशिंग कितीही गुळगुळीत असो.

दुसरी खूण रेषांमधल्या अंतराची. क्रिकेटच्या बॅटीत बारीक, दाट ग्रेन्स शोधायची सवय असलेल्यांनी ती इथे विसरावी. अ‍ॅश जितकं भराभर वाढलेलं, तितकं त्यात घट्ट लाकडाचं प्रमाण जास्त. सावकाश वाढलेल्या झाडात पोकळ छिद्रांचे पट्टे जवळजवळ येतात आणि लाकूड ठिसूळ होतं. म्हणून रुंद रेषांची हर्ली घ्या. गाठ दांड्याच्या वरच्या टोकाला असेल तर एक वेळ चालेल, बॉसमध्ये अजिबात नको.

माप इंचांत असतं. ताठ उभं राहून दांड्याचं टोक कमरेच्या हाडाशी धरलं, की बॉसचं टोक घोट्यापाशी यावं, हा जुना ठोकताळा. सध्याचे खेळाडू त्याहून एक-दोन इंच आखूडच घेतात. लांब हर्लीने फटका दूर जातो, पण गर्दीत ती उगारायला जागा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. 'पुढच्या वर्षीही चालेल' म्हणून मुलांना मोठं माप घेऊन देणं ही सर्रास होणारी चूक आहे. मुलगा दांडा मधेच धरायला शिकतो आणि ती सवय मग सुटता सुटत नाही.

बॉसच्या टोकाला पत्र्याची पातळ पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते. ती फटक्याला जोर देत नाही, लाकूड चिरण्यापासून वाचवते. खिळे सैल झाले की पट्टीची कड वर येते आणि कुणाचा तरी हात कापते, म्हणून दर सरावाआधी त्यावरून बोट फिरवा. दांड्याची ग्रिप ओली किंवा गुळगुळीत झाली की नवी गुंडाळा.

निगा सोपी आहे, पण करणारे थोडेच. कोरड्या हर्लीला हलका पॉलिश पेपर मारून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि रात्रभर मुरू द्यायचं. ओली हर्ली हीटरजवळ वाळवू नका, लाकूड ठिसूळ होतं. गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवलीत तरी तीच गत. बॉसला लांबट चीर गेली तर लाकडाचा गोंद भरून क्लॅम्प लावता येतो आणि वरून नवी पट्टी ठोकली की सरावापुरती ती चालते. दांडा आडवा मोडला तर मात्र सोडून द्या.

इथे अ‍ॅशची खरी खोट येते: ती टिकाऊ वस्तू नाही. स्लिटर, म्हणजे चेंडू, 110 ते 116 ग्रॅमचा, आत बूच आणि वर कातडं. पण हर्ली मोडते ती बहुधा चेंडूने नाही, समोरच्याच्या हर्लीवर आदळून. शिवाय लाकडाचाच तुटवडा आहे. अ‍ॅशला मारणारा बुरशीचा रोग आयर्लंडमध्ये ऑक्टोबर 2012 मध्ये लिट्रिम काउंटीत पहिल्यांदा आढळला, तोही युरोपातून आणलेल्या रोपांवर. त्यामुळे हर्ली गावातच घडवलेली असली तरी फळी परदेशातून आलेली असू शकते. त्यात कमीपणा काही नाही, रेषा तेवढ्या बघा.

पर्याय दोन. सिंथेटिक हर्ली ओल्याने फुगत नाही, एकाच मापाच्या दोन हर्ल्यांचं वजन सारखं भरतं आणि ती बराच काळ टिकते. लहान मुलांच्या गटासाठी क्लबने एकगठ्ठा घ्यायची असेल तर तीच घ्यावी. मोठ्यांच्या हातात मात्र चेंडू बसल्याची जाणीव अ‍ॅशइतकी स्पष्ट येत नाही. अ‍ॅशमध्ये हाताला आधी कळतं, मग आवाज येतो. बांबूची हर्ली या दोघींच्या मधली. पट्ट्या दाबून-चिकटवून केलेली असल्याने तिचा पोत एकसारखा असतो आणि हाताला ती लाकडाच्या बरीच जवळची वाटते. मात्र ती अ‍ॅशसारखी घरी तासून आकारात आणता येईल असं धरून चालू नका.

सामन्याला एकाच मापाच्या निदान तीन हर्ल्या न्या, त्यातली एक आधी वापरून हाताला बसलेली. प्रत्येकीवर आपलं नाव घाला. कडेला हर्ल्या घेऊन उभा असलेला माणूस पळत येतो तेव्हा त्याला चेहरा दिसत नाही, हेल्मेट दिसतं.