शिट्टी हवी की एक्सेल?

खेळातून मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जायचं ठरलं, की प्रश्न येतो: मैदानावर प्रशिक्षक व्हायचं की ऑफिसात कार्यक्रम समन्वयक?

पगार आणि स्थैर्य यांत समन्वयक बहुधा पुढे असतो. प्रशिक्षकाचा करार अनेकदा प्रकल्पापुरता, निधी आटला की तोही आटोपला. शिवाय मुलं मोकळी होतात संध्याकाळी आणि रविवारी, म्हणजे आपल्या संध्याकाळी गेल्याच.

मैदानावर साधारण ९० मिनिटांचं सत्र, तीसेक मुलं, दोन प्रशिक्षक. दुसरा हवाच; एखाद्या मुलाचा गुडघा फुटला तर बाकीच्यांकडे बघणार कोण? आणि कुठल्याही मुलाबरोबर एकट्या मोठ्या माणसानं राहायचं नाही, हाही नियम आहेच. 'फुटबॉल-थ्री' घेत असाल तर पंच नसतो. आधी दोन्ही संघ गोलाकार बसतात आणि नियम ठरवतात, उदाहरणार्थ पहिला गोल मुलीनंच करायचा. मग खेळ. मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण. कोलंबियातल्या मेडेयीन शहरात १९९० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली. घोळ ठरलेला: सामना रंगतो, अंधार पडतो आणि शेवटची चर्चा उडते. चर्चा उडाली की उरतो नुसता फुटबॉल. म्हणून घड्याळ बघून खेळ १५ मिनिटं आधी थांबवायचा, मुलांनी कितीही आरडाओरडा केला तरी.

समन्वयकाच्या हातात बजेट असतं, हे कमी नाही. चेंडू आले पण पंपाच्या सुया आल्या नाहीत, हे तोच निस्तरू शकतो. (सुई ओली करून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.)

पण मला ऑफिसपासून लांब ठेवलं ते मोजणीनं. सुरुवातीला १२० मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची: 'मला स्वतःवर विश्वास आहे', १ ते ५. नवीन पोरं ताईदादांना बरं वाटावं म्हणून बिनदिक्कत ५ वर गोल करतात. वर्षानं ओळख झाली की खरं सांगतात, ३. कागदावर आत्मविश्वास घसरला! उलटंही होतं: १२० पैकी ७० उरतात, सर्वांत अडचणीतली मुलंच गळालेली असतात आणि सरासरी आपोआप सुधारते. दोन्ही आकडे फसवे, पण अहवालात जातो दुसराच, आणि तो लिहायचा समन्वयकानं. निदान त्याच ७० जणांचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडावेत, तर तेवढा वेळ क्वचितच मिळतो.

आकड्यांशी झुंजायला आवडत असेल, तर ही जागा तुम्हाला कदाचित मानवेलही. नीट मोजणारी माणसं या क्षेत्राला हवीच आहेत. मुलाखतीत एवढंच विचारा: मागच्या वर्षी गळालेल्या मुलांच्या घरी कोण गेलं होतं? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, 'प्रशिक्षक'.