परळपर्यंत शिजणारे ओट्स : थर्मास डब्याचा चार महिन्यांचा अनुभव

डोंबिवलीहून सव्वासहाला निघायचं, परळला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोचायचं, की खिडकीपुढे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. सुई घेऊन समोर बसलेली मीही उपाशीच. रांग ओसरेपर्यंत पावणेदहा होतात. तेव्हा गार समोसा गिळायचा नाही, एवढ्यासाठी हा डबा घेतला. ५०० मिलीचा, दुपदरी स्टीलचा, रुंद तोंडाचा. किंमत ११५० रुपये.

पहिल्या दिवशी घरातले साधे ओट्स भरले. ते पोह्यांसारखे वाफवून चेपलेले असतात. चार तासांत त्यांची अशी खळ झाली, की भिंतीवर पोस्टर चिकटलं असतं. मग स्टील-कट आणले. हे म्हणजे अख्खा दाणा कापून केलेले दोन-तीन तुकडे, दिसायला लापशीच्या रव्यासारखे. गॅसवर त्यांना अर्धा तास लागतो, तेवढा सकाळी कुणाकडे असतो? डब्यात मात्र ते मी लोकलमध्ये लोंबकळत असताना आपले आपण शिजतात.

रात्री अर्धी वाटी ओट्स दोन वाट्या पाण्यात भिजवते. सकाळी तुपात जिरं, हिंग, किसलेलं आलं, त्यावर मटार-गाजर आणि भिजवणीच्या पाण्यासकट ओट्स. पाच मिनिटं खळखळून उकळी. तोवर डब्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून ठेवलेलं असतं. ते ओतून टाकायचं आणि लगेच ओट्स भरायचे, अगदी गळ्यापर्यंत. अर्धवट भरला तर लवकर निवतो. लॅबवालीच मी, स्वयंपाकाचा थर्मामीटर घालून बघितलंच. सहाला भरलेलं पावणेदहाला ६८ अंश. डबा आधी तापवला नव्हता त्या दिवशी ५८.

म्हणूनच खोक्यावरचं ‘१२ तास गरम’ मला पटलेलं नाही. कोमट असेल बारा तासांनी, पण ६० अंशांच्या खाली अन्न तासन्‌तास ठेवलं की जंतूंची चंगळ. रात्री भरून सकाळी खायचा बेत असेल तर हा डबा घेऊ नका. दूध घालूनही भरू नका. गोड हवं असेल तर नुसते पाण्यात शिजवा, दूध-गूळ खाताना घाला.

सासूबाईंनी पहिल्यांदा डोकावून विचारलं, “अगं, बाळाचं खिमट घेऊन कामावर चाललीस?” आता त्याच वर घालायला मेतकुटाची पुडी बांधून देतात. मऊ भाताची सर नाही, पण दुपारी दीडपर्यंत भूक लागत नाही हे खरं.

झाकणाला वाफ सोडायचं बटण आहे, ते आधी दाबा. मी न दाबता पिळत बसले होते, शेवटी वॉर्डबॉयला बोलवावं लागलं. तळ बाहेरून तापत नाही, गाडीत मांडीवर घेता येतो. सांडलेला एकदाही नाही.

रड आहे ती झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगची. हिंगाचा वास तिच्यात असा मुरलाय, की रविवारी मुलाला खीर भरून दिली तर ती तशीच परत आली. लिंबू, सोडा, ऊन, सगळं करून झालं. दुकानदाराकडे सुटी रिंग मागितली तर म्हणाला, “ताई, झाकणासकटच येते, चारशे रुपये.” तेही मागवून दीड महिना झाला.