कोलिब्री : रेंज नसलेल्या शाळेतील शिकण्याची सोय

राजापूर तालुक्यातील शाळांमध्ये तंत्रज्ञान मार्गदर्शक म्हणून काम करताना मी ‘कोलिब्री’ ही विनामूल्य प्रणाली वापरली. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेने ती इंटरनेट नसलेल्या वर्गांसाठीच घडवली आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक शाळेत ठेवून पेनड्राइव्हवरून धडे एकदा त्यात भरले, की मुले टॅब्लेट त्याच्याच वाय-फायला जोडून शिकू शकतात.

सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, ज्या वाडीत रेंजसाठी कातळावर जाऊन उभे राहावे लागते आणि घरातला एकुलता एक फोन पहाटे वडिलांबरोबर होडीवर जातो, तेथील मुलांना पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून घरी धडा पाहायला सांगणे म्हणजे त्यांना वर्गाबाहेर ठेवणेच होय, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेषतः मुलींना, कारण फोन घरी असला तरी तो आधी भावाच्या हाती जातो. कोलिब्रीत प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते असते आणि कोण कोठे अडले हे शिक्षकांना दिसते, त्यामुळे अपूर्णांकांत अडखळणारी अबोल मुलगी नजरेतून सुटत नाही.

मराठीतील आशय मात्र इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे, आणि ही मोठी उणीव आहे. शिक्षकांना स्वतःचे धडे घालता येतात, पण ते कोलिब्री स्टुडिओ या ऑनलाइन साधनावर रचण्यासाठी इंटरनेट लागते. हे काम आम्ही तालुक्याच्या गावी बसून करतो. आषाढात वीज वारंवार जाते, म्हणून सोबत एक पॉवर बँक अवश्य घ्यावी.