प्रश्नावली की मुलाखत? कॅम्पसवरच्या लैंगिक हिंसेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतल्या विद्यार्थिनींनी कॅम्पसवर सोसलेल्या लैंगिक हिंसेवर पीएचडी करायची, तर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहितानाच ठरवावं लागतं: निनावी ऑनलाइन प्रश्नावली, की समोर बसून मुलाखती? मी दोन्ही वापरल्या आहेत.

प्रश्नावलीची बाजू कमजोर नाही. खोलीत एकटीने फॉर्म भरणारी मुलगी असं काही लिहून जाते, जे ती तोंडाने कुणाला सांगणार नाही. 'बलात्कार झाला का' असं न विचारता नेमकं काय घडलं ते विचारायचं, ही शिस्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांच्या 1980च्या दशकातल्या प्रश्नावलीने रुजवली. आणि प्रशासनापुढे जायचं तर आकडा लागतोच.

माझं अडलं ते लहान आकड्यांपाशी. विभाग, वर्ष, वसतिगृह, जात असे रकाने ठेवले की नाव नसूनही ओळख उरते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एकच कातकरी मुलगी असेल, तर तक्त्यातला तो '1' म्हणजे तीच. वर्गातलं कुणीही सांगेल. बलात्कारपीडितेची ओळख पटेल असा मजकूर छापायला भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 ने बंदी आहे, पण कायदा नसता तरी ते छापायला हात धजावला नसता. यावर रूढ उपाय म्हणजे लहान गट एकत्र करणे. मग कातकरी, भिल्ल, गोंड सगळ्या 'अनुसूचित जमाती'त जातात. तिथेही संख्या कमी पडली की 'मागास प्रवर्ग' नावाच्या एकाच ओळीत. ज्यांच्यासाठी अभ्यास हाती घेतला, त्याच तक्त्यातून नाहीशा होतात. हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

मुलाखतीत तो निर्णय तिच्याकडे राहतो. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे मुलाखतीचा शब्दशः उतारा, तिला वाचायला दिलं, की गाव खोडायचं की अख्खा प्रसंग काढायचा, ते ती सांगते. शिवाय फॉर्ममध्ये लैंगिक छळ एका पानावर असतो, जातीवरून बोलणं दुसऱ्या. यूजीसीचे नियमही असेच वेगळे: जातिभेदासाठी 2012चे, लैंगिक छळासाठी 2015चे. सांगणारीला मात्र जातीवरून मारलेला टोमणा आणि अंगावर आलेला हात एकत्रच आठवतात.

मुलाखतींना वेळ लागतो, ऐकणारीही हलते. समुपदेशक आधीच ठरवून ठेवावी, वॉर्डनमार्फत कुणालाही बोलावू नये. घटनेच्या वेळी मुलगी 18 वर्षांखालील असेल, तर पॉक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिला संमतीपत्र वाचतानाच, ती बोलू लागण्याआधी सांगायला हवं.

अनेक विद्यापीठांतून मोठा नमुना मिळणार असेल, तर प्रश्नावली कदाचित बरी. एकदोन महाविद्यालयांपुरतं काम असेल, तर मी मुलाखतींकडेच वळेन. तरीही फॉर्म काढावाच लागला, तर जातीचा रकाना राहू द्या आणि विभागाचा काढा.