मेट्रो की रिगल: दक्षिण मुंबईत चित्रपट पाहताना

दक्षिण मुंबईत चित्रपट पाहायचा ठरला की धोबीतलावचे मेट्रो आणि कुलाब्याच्या तोंडाशी असलेले रिगल ही दोन नावे आजही पहिल्यांदा निघतात. दोन्ही इमारती १९३० च्या दशकातल्या, दोन्ही आर्ट डेको या ठसठशीत भौमितिक रेषांच्या शैलीतल्या. मात्र एका चित्रपटगृहाने काळाबरोबर आतून संपूर्ण कायापालट करून घेतला आणि दुसरे एकाच पडद्यावर ठाम राहिले. पडदा, आवाज, खुर्च्या यांची माहिती वाचकांना असतेच, त्यामुळे तिच्यात मी शिरत नाही.

मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी कंपनीने जून १९३८ मध्ये मेट्रो सुरू केले ते प्रामुख्याने स्वतःचे चित्रपट दाखवण्यासाठी. आराखडा न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार थॉमस लँब यांचा होता आणि आतली भित्तिचित्रे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी रंगवली होती. फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा २१ मार्च १९५४ रोजी झाला तो येथेच. पुढे व्हिडिओ आणि केबल घरोघरी पोहोचल्यावर सुमारे १५०० आसनांचे प्रेक्षागृह रोज प्रत्येक खेळाला भरणे अवघड होत गेले, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत देऊ केल्यानंतर तर एका मोठ्या पडद्याचे गणित आणखीच तोट्याचे दिसू लागले. अखेर २००६ मध्ये, दर्शनी भाग आणि प्रवेशदालन राखून, त्या एका प्रेक्षागृहाच्या जागी ६ पडदे आले. चालवणारी कंपनी बदलेल तसे नावापुढे आधी अ‍ॅडलॅब्ज लागले, मग बिग, मग आयनॉक्स, आणि २०२३ मध्ये ती कंपनी पीव्हीआरमध्ये विलीन होऊन पीव्हीआर आयनॉक्स झाली. टॅक्सीवाल्याला मात्र नुसते ‘मेट्रो’ सांगितले की पुरते.

हा बदल वाईट झाला असे मी म्हणणार नाही. तो झाला नसता, तर मुंबईतल्या कितीतरी जुन्या चित्रपटगृहांप्रमाणे मेट्रोलाही कुलूप लागले असते, ही शक्यता नाकारता येत नाही. शिवाय एखादा चित्रपट चालेनासा झाला तर मल्टिप्लेक्समध्ये तो लहान पडद्यावर हलवून आणखी आठवडाभर तगवता येतो. एकपडदा चित्रपटगृहाला तो उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. उशिरा जाग येणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला ही सोय पुष्कळदा उपयोगी पडली आहे.

रिगल मेट्रोपेक्षा ५ वर्षांनी थोरले. फ्रामजी सिधवा यांनी ते उभारले, आराखडा चार्ल्स स्टीव्हन्स यांनी केला, आणि १९३३ मध्ये ते लॉरेल-हार्डी जोडीच्या चित्रपटाने सुरू झाले. वातानुकूलन आणि तळघरात मोटारी ठेवण्याची सोय या त्या काळी नवलाच्याच गोष्टी होत्या. कार्ल शारा यांनी केलेली सूर्यकिरणांची मूळ सजावट नंतरच्या फेरबदलांत मागे पडली, त्यामुळे रिगल जसेच्या तसे राहिले आहे असे समजून कोणी जाऊ नये. राहिला आहे तो एक पडदा, त्याच्यासमोरचे मोठे प्रेक्षागृह आणि वरची बाल्कनी.

माझे मत एका बाजूला झुकले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. मल्टिप्लेक्समध्ये गर्दीचा चित्रपट दोन-तीन पडद्यांवर एकदमच लागतो आणि प्रवेशदालनात झुंबड उडू नये म्हणून खेळांच्या वेळा मागेपुढे ठेवतात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. परंतु आपण मध्यंतरात चहासाठी रांगेत उभे असतो, तेव्हा त्याच चित्रपटाचा आधीचा खेळ नेमका सुटतो, आणि बाहेर पडणारी माणसे शेवटाबद्दलच बोलत असतात. उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये एका गृहस्थांनी आपल्या पत्नीला, माझ्यापासून हातभर अंतरावर, खुनी कोण आणि त्याने तसे का केले हे दोन वाक्यांत इतके नेमके समजावून दिले की उरलेला अर्धा चित्रपट मी केवळ तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी पाहिला. दोष त्यांचा नव्हता. चित्रपट पाहून झाल्यावर माणसे बोलणारच, आणि बोललीही पाहिजेत.

एकपडदा चित्रपटगृहातही आधीच्या खेळाचे लोक भेटतात, असे कोणी म्हणेल. भेटतात, पण ते आपण आत जाण्यापूर्वी. अमुक एक शेवटी मरतो हे ऐकले तरी तो अमुक कोण हेच तोपर्यंत ठाऊक नसल्याने फारसे बिघडत नाही. मध्यंतरात मात्र रिगलच्या दालनात उभे असलेल्या प्रत्येकाला चित्रपट तेवढाच माहीत असतो जेवढा आपल्याला, आणि अनोळखी माणसाशीही ‘पुढे काय होईल’ यावर बोलता येते. सगळे प्रेक्षागृह एकदम हसले की तो आवाज बाल्कनीपर्यंत चढत येतो, आणि मला तरी लहान प्रेक्षागृहात असे कधी जाणवलेले नाही. खरे तर मेट्रोचे प्रवेशदालन रिगलच्या दालनापेक्षा निर्विवाद देखणे आहे, पण ते एका प्रेक्षागृहातल्या माणसांसाठी आखलेले होते आणि आता तेथे सहा पडद्यांचे प्रेक्षक ये-जा करतात.

अर्थात निवड ज्याच्या त्याच्या सोयीची. घरातल्या वयस्कर मंडळींना घेऊन जायचे असेल, ठरलेल्या वेळेतच चित्रपट बसवायचा असेल किंवा चौघांच्या चार आवडी असतील, तर मेट्रोच सोयीचे पडेल. मरीन लाइन्स स्थानकापासून ते चालत जाण्याजोगे आहे, तर रिगलला जाताना चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून बस-टॅक्सी पाहावी लागते. पण एकाच चित्रपटासाठी संध्याकाळ मोकळी ठेवली असेल, तर माझी पावले बहुधा रिगलकडे वळतात. तेथे लागलेला चित्रपट पाहण्याजोगा नसला तर मी मेट्रोचे तिकीट काढतो. फक्त हवा तो चित्रपट त्या दिवशी एकाच पडद्यावर आहे ना, एवढे आधी पाहून घेतो.